कुलूपकाकांचं वाढलेलं वजन

भावोजींच्या तपकिरी पँटचे चोरखिसे उसवायला घेतलेत. एक उसवून झाला. दुसरा काही केल्या सुटत नाही, कारण शिवणारी मीच. दुहेरी दोरा, पिशवीचं जाड कापड आणि कोपऱ्यांना असे टाके की शिंप्यानंही मान डोलवावी. ब्लेड बोथट झालं म्हणून पँट मांडीवर तशीच टाकली आणि वही ओढली. देवाचं नाव घेऊन रोज चार ओळी लिहायच्या हा माझा नेम, पण आज चार ओळींत भागायचं नाही. खिसा शिवला का आणि उसवायचा का, हे सांगायचं तर भावोजींपासूनच सुरुवात करायला हवी.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. बाजारात सगळे त्यांना कुलूपकाका म्हणतात. दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, कपाटाला शटर लावल्यासारखं. ते आत बसले की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं, आणि गिऱ्हाईक आत वाकलं की भावोजींनी पोट आत ओढून बसायचं. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या, कोपऱ्यात किल्ली कापायचं मशीन, आणि समोरच्या फळीवर पितळेची कुलपं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं उभी, शाळेच्या फोटोत मुलं उभी करतात तशी. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, एकच कुलूप उघडलं नाही आणि ते फोडायचं नव्हतं. ते कुठलं, हे इतक्या वर्षांत मलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि मी काही कमी खोदून विचारलेलं नाही.

त्यांच्या धंद्याचा एक नियम आहे. कुलूप उघडायचं आणि तोंड फिरवायचं. आत काय आहे ते मालकानं बघावं. एकदा एका घरात वडील गेले आणि तिजोरीची किल्ली सापडेना. तिघे भाऊ तिजोरीला असे खेटून उभे होते की भावोजींना हात घालायला जागा मिळेना. शेवटी दार सुटलं. भावोजी हात पुसत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे आधी एक भाऊ हसला, मग दुसरा रडला. घरी आल्यावर मी विचारलं, काय निघालं हो आतून? तर म्हणाले, “मला काय ठाऊक? मी भिंत बघत होतो. भिंतीला ओल आलीय, एवढं सांगू शकतो.” मला पुढे कितीतरी दिवस चैन पडलं नाही. भावोजी मात्र जेवून ढाराढूर.

अशा माणसाची भूक गेली, ते आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. खाणं मुळातच चिमणीचं. मग उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, पाय जड झाले, आणि तपासण्यांचं चक्र फिरून शेवटी निदान हातात आलं. लिव्हरमध्ये गाठ. कॅन्सर. कापून काढता येण्यासारखी जागा नाही. बाजारात लगेच कुजबुज झाली की काका लपूनछपून पीत असणार. भावोजींना गाठीपेक्षा ते जास्त लागलं. आयुष्यात चहापलीकडे कशाला शिवले नाहीत. डॉक्टरांनीच समजावलं की तरुणपणी झालेली कावीळ आत दबा धरून बसली होती, तिचं हे काम. तेव्हापासून भावोजी प्रत्येक गिऱ्हाइकाला किल्लीबरोबर काविळीची गोष्टही फुकट द्यायला लागले.

मोठ्या डॉक्टरांनी मग ट्रायलचं सांगितलं. दोन औषधं सलाइनमधून द्यायची, ती बऱ्याच ठिकाणी देतातच. एक औषध गाठीचा रक्तपुरवठा तोडतं, दुसरं शरीरातल्या झोपलेल्या पहारेकऱ्यांना जागं करतं. या दोघांच्या जोडीला एक नवी गोळी द्यायची आणि तिनं आणखी फरक पडतो का ते बघायचं. पण गोळी सगळ्यांना नाही. निम्म्या लोकांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार, आणि ते रोग्यालाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही.

मला हे ऐकूनच गरगरलं. डॉक्टरला माहीत नाही म्हणजे काय? भावोजी मात्र खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी प्रश्न विचारून विचारून तिथल्या ताईला दमवलं. ट्रायलच्या रोग्यांचं सगळं बघणारी ही नर्स वयानं आमच्या लेकीएवढी, पण तिच्या आवाजात अशी जरब की आम्ही सगळेच तिला ताई म्हणायला लागलो. शेवटी भावोजी मला म्हणाले, “वहिनी, बँकेतला लॉकर असतो ना, तसं आहे. एक किल्ली आपली, एक बँकेची, एकटी कुठलीच चालत नाही. आता हे म्हणतात तिसरी लावून बघू. मग आपण कशाला हात धरायचा?”

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं की प्रयोग तर उंदरांवर करतात ना. भावोजी म्हणाले, उंदरांचं झालं, आता माझा नंबर. आणि दुसऱ्या दिवशी दुकानावर सांगत सुटले की माझ्यावर संशोधन चाललंय, जपून बोला. ज्या लोकांनी दारूची कुजबुज केली होती तेच आता ‘आमच्या काकांवर संशोधन’ म्हणून मिरवायला लागले.

माझी पंचाईत निराळीच झाली. मी देवापुढे बसले आणि म्हणाले, देवा, भावोजींना खरी गोळी मिळू दे. म्हणून झालं आणि जीभ चावली. त्यांना खरी दे म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी साधी दे, असंच झालं की. त्या दुसऱ्याचीही कुणीतरी वहिनी असेल, तीही याच वेळी हात जोडून बसली असेल. देवानं आमचं दोघींचं ऐकायचं कसं? मग मी मागणं बदललं आणि नुसतं म्हणाले, तू बघ. भावोजींना हे सांगितलं तर ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “वहिनी, देवालाही विचारू नका. त्याला कळलं तर ट्रायल बिघडेल.”

दर तीन आठवड्यांनी आमची फेरी सुरू झाली. आधी कॉरिडॉरमधल्या काट्यावर वजन, मग बीपी, मग रक्त, मग डॉक्टर, आणि सगळं ठीक असेल तर सलाइन. पहिल्या दिवशी भावोजी काट्यावर चढले ते कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यासकट. ताईनं तो उतरवायला लावला. त्यांना वस्त्रहरण झाल्यासारखं वाटलं, पण पुढच्या वेळेपासून ते स्वतःच जुडगा काढून ट्रेमध्ये असा आपटायचे की अख्खा वॉर्ड वळून बघायचा.

सलाइनच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर मास्तर असायचे. शाळेतून निवृत्त, उंच, बारीक, आणि कुठल्याही वाक्यात चूक काढणारे. ते याच ट्रायलमध्ये होते. दोघांचा कायमचा वाद, की आपली गोळी खरी की साधी. मास्तर म्हणायचे, माझी कडू लागते म्हणजे खरीच. भावोजी म्हणायचे, तुम्हाला जग कडू लागतं, गोळीचं काय घेऊन बसलात. एकदा दोघांनी गोळ्यांची अदलाबदल करून चव बघायचा घाट घातला आणि ताईनं दोघांना रंगेहाथ पकडलं. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी वर्गाबाहेर काढल्यासारखं झालं. भावोजी मात्र खूश होते, परतीच्या वाटेभर तेच सांगत होते.

आणि मग एका फेरीला ती खुर्ची रिकामी होती. भावोजींनी वाट पाहिली. वर्तमानपत्र घडी करून तिच्यावर ठेवलं, जागा धरल्यासारखं. शेवटी स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना विचारलं. मामा जाता जाता बोलून गेले की त्यांना काढलं ट्रायलमधून, वजन फार उतरलं होतं ना.

त्या दिवशी सलाइन संपेपर्यंत भावोजींनी ते वर्तमानपत्र खुर्चीवरून उचललं नाही. निघतानाही नाही. दारात चपला काढताना मला म्हणाले, “उद्यापासून अंडी दोन करा.”

मी दोन केली. दूध वाढवलं, सूप केलं, केळी आणली. बिचारे खायला बसायचे, खरंच प्रयत्न करायचे, आणि अर्ध्यावर ताट सरकवायचे. पुढच्या फेरीला काटा थोडा खालीच आला. डॉक्टरांनी तो नुसता लिहून घेतला, पण भावोजी तो आकडा असा बघत राहिले जसं एखादं कुलूप त्यांना दाद देत नाहीये.

त्याच आठवड्यात त्यांनी ही तपकिरी पँट माझ्यापुढे टाकली. म्हणाले, हॉस्पिटलच्या गर्दीत पाकीटमार फार झालेत, आतून चोरखिसा शिवून द्या. एक नाही, दोन, मांडीच्या दोन्ही बाजूंना. आणि कापड मजबूत लावा. मी विचारलं, पाकीट केवढं आहे तुमचं? तर म्हणाले, पाकीट लहान आहे, भीती मोठी आहे. मला वाटलं आजारी माणसाच्या मनाचा खेळ. शिवून दिले. कामाला हात लावला की मला अर्धवट जमत नाही, हा माझा दोष की गुण, देव जाणे.

पुढच्या फेरीला वजन वाढलं. त्याच्या पुढच्या फेरीला आणखी वाढलं. घरात आनंदीआनंद. मी देवाचे आभार मानले आणि श्रेयाची वाटणीही करून टाकली. थोडं अंड्यांना, बरंचसं प्रार्थनेला. शेजारीण म्हणाली की तिनं दिलेल्या दुधाच्या पावडरीचा गुण. त्यावरून आमचं जरा वाजलं. ताई मात्र काट्यापाशी उभी राहून लिहिताना भुवया उंच करायची. मला वाटायचं, कौतुकानं.

फक्त आमचे हे गप्प. ह्यांचं सगळं आयुष्य गोदामाच्या वजनकाट्यावर गेलं. ट्रक आत येताना मालासकट तोलायचा, बाहेर जाताना रिकामा तोलायचा, वजाबाकी करायची. एक दिवस जेवताना म्हणाले, “धाकट्याचं वजन वाढतंय आणि पट्टा एक भोक आत जातोय. हा ट्रक मालासकट तोलतात की मालाशिवाय?” मी ताडकन म्हणाले, तुमच्या तोंडाला काही चांगलं येतच नाही का? भावोजी मान खाली घालून पाणी पीत होते. खूप वेळ पीत होते. भांडं रिकामं झाल्यावरही पीत होते.

आणि मग ती फेरी आली. भावोजी काट्यावर चढले. त्याआधी जुडगा ट्रेमध्ये आपटून झाला होता, चपला काढून झाल्या होत्या, पट्टासुद्धा काढला होता. सगळं अगदी प्रामाणिक माणसासारखं. ताईनं आकडा बघितला, मागचा बघितला. उतरा आणि परत चढा म्हणाली. परत तेच. ती आत गेली आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टरांनी त्यांना आत झोपवून पोट दाबून बघितलं, बोटानं ठोकून बघितलं, पावलांवर अंगठा रुतवून बघितला. मग बाहेर येऊन खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजावं. त्यांनी सांगितलं की वजन असं भरभर वाढणं या आजारात चांगलं नसतं. लिव्हर थकलं की पोटात पाणी साठायला लागतं. हाताला तसं लागत नाहीये, पण आकडा तेच म्हणतोय. म्हणून आजचं सलाइन थांबवू. सोनोग्राफी करू. पाणी निघालं तर यांना ट्रायलमध्ये ठेवणं बरोबर आहे की नाही, याचा विचार करावा लागेल.

ते गेले. सोनोग्राफीला अजून दोन माणसं पुढे होती. आम्ही बाकावर बसलो. माझं देवाचं नाव सुरू झालं होतं, तोंडातल्या तोंडात. एवढं वाढलं म्हणून आभार मानले, तेच देवानं माझ्या अंगावर उलटवलं, असं काहीतरी मनात चाललं होतं. भावोजींच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडालेला. हातांची बोटं अशी हलत होती जशी अंधारात कुलूप चाचपताना हलतात.

मग ते हळूच म्हणाले, “वहिनी, जरा भिंतीकडे तोंड करता?”

मला वाटलं, रडायचं असेल. पुरुषमाणूस आहे, वहिनीसमोर कसं रडायचं. मी उठले आणि भिंतीकडे वळले. समोर हात कसे धुवावेत त्याची चित्रं लावली होती. तळहात, बोटांच्या मधे, अंगठा. मी डोळे भरून ती चित्रं बघत होते आणि मागून हुंदक्याची वाट बघत होते.

हुंदका आला नाही. आलं ते ‘खण्ण’. मग ‘खण्ण, खण्ण’. मग काहीतरी जड घरंगळल्याचा आवाज, आणि शेजारच्या बाकावरच्या बाईंचं ‘अगं बाई’.

मी वळले. बाकावर पितळेची कुलपं मांडली होती. फळीवरची, लहानापासून मोठ्यापर्यंत, सवयीनं ओळीतच. शिवाय एक लोखंडी कानस, शटरचा अर्धा कडीकोयंडा आणि कोऱ्या किल्ल्यांचा एक गठ्ठा. भावोजींची पँट एकदम ढगळ झाली होती आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, कारण पट्टा काट्यापाशीच राहिला होता.

“पोटात पाणी नाही, वहिनी,” ते म्हणाले. “खिशात पितळ आहे.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्यावर मला एकाच वेळी त्यांना धरून रडावं आणि त्यातलंच सगळ्यात मोठं कुलूप त्यांच्या डोक्यात घालावं असं वाटलं. पाणी नाही, हे देवाचे उपकार. पण मग वाढलेलं वजनही नाही. अंडीही फुकट, प्रार्थनाही, दुधाची पावडरही. आणि खिसे माझे.

ते सांगत होते, मास्तरांना वजनामुळे काढलं. मला घरी मरायचं नाही असं नाही, पण असं काट्यावरून उतरवून कुणी घरी पाठवलेलं चालणार नाही. म्हणून पहिल्यांदा एकच लहान कुलूप घेतलं. ते खपलं. मग पुढच्याला जरा मोठं. हावच सुटली म्हणाले, वजन वाढलं की तुम्ही घरी एवढ्या खूश व्हायचात.

आम्ही ताईकडे गेलो. भावोजी एका हातानं पँट धरून पुढे, आणि मी मागून पदरात कुलपं घेऊन. त्यांनी एकेक करून ती तिच्या ट्रेमध्ये ठेवली, या खेपेला न आपटता. ताईनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या ओठांचे कोपरे हलत होते, पण ती मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की सलाइनमधलं एक औषध वजनाच्या हिशोबानं मोजून भरतात. “म्हणजे इतके दिवस तुमच्या कुलपांनाही आम्ही औषध दिलं,” ते म्हणाले. फरक थोडा होता म्हणून निभावलं, जास्त असता तर अंगाशी आलं असतं. आणि प्रश्न एकट्या तुमचा नाही. या गोळीचा उपयोग होतो की नाही ते तुमच्यासारख्या कितीतरी लोकांच्या आकड्यांवरून ठरणार आहे. उद्या कुणाला तरी ही गोळी द्यायची की नाही, हे त्यात घातलेल्या पितळेवरून ठरवायचं का?

भावोजींची मान इतकी खाली गेली की मला त्यांच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं. एरवी ते टोपीखाली असतं. त्यांनी खालूनच विचारलं, मास्तरांना काढलं ते वजनामुळेच ना?

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या रोग्याचं मी सांगू शकत नाही, पण नुसतं वजन उतरलं म्हणून मी आजवर कुणालाही काढलेलं नाही. कुणी सांगितलं तुम्हाला? भावोजींनी स्ट्रेचरवाल्या मामांचं नाव घेतलं नाही. एवढा एक गुण.

मग डॉक्टरांनी तपकिरी पँटकडे बघितलं, खिशाचं कापड चिमटीत धरून ओढून पाहिलं आणि विचारलं की हे शिवलं कुणी? शिलाई चांगली आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात धुवायच्या चित्रांकडे बघितलं.

सोनोग्राफीत पाणी निघालं नाही. खरं वजन सुरुवातीपेक्षा थोडंसं कमी, पण तसं टिकून होतं. तरी त्या दिवशी सलाइन लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे मला वर कळवावं लागेल. ट्रायल चालवणारे ठरवतील, तुम्हाला ठेवायचं की नाही.

नंतरचे ते दिवस. भावोजींनी कुलपं दुकानात नेऊन फळीवर लावली, पण गिऱ्हाइकाला आता नुसती किल्ली द्यायचे. काविळीची गोष्ट बंद. ह्यांनी एकदाही ‘मी म्हणालो होतो’ म्हटलं नाही. त्यांच्यासाठी ते केवढं अवघड गेलं असेल ते मलाच ठाऊक. मी देवापुढे बसले आणि या खेपेला स्पष्ट मागितलं. म्हणाले, ते खोटं बोलले हे खरं. पण जगायची हाव म्हणून बोलले, ती हाव तूच दिलीस. आणि खिसे मी शिवले, तेव्हा अर्धी शिक्षा इकडे वळव.

ताईचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. फोन भावोजींनीच घेतला. ऐकत राहिले, नुसतं हो, हो, हो ताई, नाही ताई. ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “ठेवलंय.” आणि खाली बसले, स्वयंपाकघराच्या फरशीवरच. मी साबणाच्या हातांनी तशीच त्यांच्याशेजारी बसले. ह्यांनी दारातून बघितलं, आम्हाला काय झालं ते न विचारता चहाचं आधण ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

एकच अट होती. यापुढे वजन हॉस्पिटलच्या झग्यात. काल त्यांची फेरी झाली. झगा घालून ते काट्यावर उभे राहिले, गुडघ्यांपर्यंत निळा, मागून नाड्या. आणि मला म्हणाले, “वहिनी, याला खिसाच नाही. कुणी शिवला असेल? माणसावर अजिबात विश्वास नसलेला दिसतोय.” ताई यावर हसली, मग तिला थांबताच येईना. सलाइन लागलं. नव्या फोटोत गाठ होती तेवढीच आहे, वाढलेली नाही. या आजारात ती चांगली बातमी असते, असं डॉक्टर म्हणाले. मी परतीच्या वाटेवर विचारलं, म्हणजे गोळी खरी असणार ना? भावोजी म्हणाले, मला काय ठाऊक, मी भिंत बघतोय.

शेजारची खुर्ची अजून रिकामीच होती. पण काल सलाइन संपल्यावर भावोजींनी वॉर्डातून मास्तरांचा फोन नंबर मिळवला आणि कॉरिडॉरमधूनच लावला. मास्तर घरीच असतात. कावीळ वाढली म्हणून ट्रायल सुटली, आता दुसरं औषध चालू आहे, आवाज बारीक झालाय. पण भावोजींच्या दुसऱ्याच वाक्यात त्यांनी चूक काढली, तेव्हा भावोजींचा जीव भांड्यात पडला. त्यांना सगळी पितळेची गोष्ट सांगितली. पलीकडून बराच वेळ नुसतं खोकल्यासारखं हसू येत होतं. मग मास्तर म्हणाले की माझ्या पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप अडकून बसलंय, बरेच दिवस झाले, आता माझ्या हातात जोर नाही.

भावोजींनी फळीवरचं मधल्या आकाराचं कुलूप आज घरी आणलंय. ते म्हणतात, यालाही औषध मिळालेलं आहे, हे चांगलं टिकेल. मी म्हटलं, ही पँट घालून जाऊ नका, अजून एक खिसा उसवायचा राहिलाय. तर म्हणाले, राहू द्या, कुलूप न्यायला बरा पडेल. मी ब्लेड बदलून आणलंय. खिसा आजच उसवणार.

उद्या सकाळी भावोजींना मास्तरांच्या घरी जायचंय, कपाटाचं कुलूप बदलायला.